चाहता, सहृदय आणि हरवलेला मूकपट

काही महिन्यांपूर्वी एका विद्यापीठाच्या मराठी विभागात विद्यावाचस्पती पदवीसाठी आलेल्या विषयांची छाननी चालू होती. बाहेरून बोलावलेला सदस्य म्हणून मी त्या बैठकीस उपस्थित होतो. एका विद्यार्थिनीने मूकपटांतील व आरंभीच्या बोलपटांतील नटनटींवर प्रेक्षकांनी केलेले प्रेम हा विषय मांडला होता आणि त्यासाठी मराठी आत्मचरित्रे व जुनी नियतकालिके यांचा आधार घेण्याचे ठरविले होते. आराखडा कच्चा होता, संदर्भांची मांडणीही विस्कळीत होती. पण विषयाला जीव होता. समितीतील एका ज्येष्ठ सदस्यांनी त्यावर दोन आक्षेप घेतले. मूकपटात शब्दच नाही, तेव्हा तो मराठी विभागाचा विषय कसा होईल, हा पहिला. चाहत्याचे प्रेम ही आस्वादाची अप्रगल्भ अवस्था आहे, तिची दखल फार तर समाजशास्त्राने घ्यावी, साहित्याच्या अभ्यासकाने नव्हे, हा दुसरा. बैठकीत वेळ थोडा होता आणि माझे उत्तरही धड झाले नाही. तेथे जे सांगता आले नाही ते येथे मांडत आहे. प्रस्तुत लेखन हा संशोधननिबंध नाही. एका जुन्या चाहत्याने दिलेली साक्ष म्हणूनही तो वाचावयास हरकत नाही.

पहिल्या आक्षेपाचे निरसन थोडक्यात करता येईल. मूकपट मुका होता तो केवळ ध्वनीच्या अर्थाने. दादासाहेब फाळके यांचा 'राजा हरिश्चंद्र' ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये प्रदर्शित झाला, तेव्हा त्यात इंग्रजी व हिंदी अशा दोन्ही भाषांतील शब्दपट्ट्या होत्या. पुढे जेथे चित्रपट दाखवावयाचा तेथील भाषाही पट्ट्यांवर आल्या. ज्याला अक्षरओळख होती तो शेजारच्यासाठी पट्टी मोठ्याने वाचीत असे. पोथीवाचनातील सामूहिक श्रवणाला आपण वाङ्मयीन परंपरेचा भाग मानतो. मग चित्रपटगृहाच्या अंधारातील या वाचनाला तो मान का नाकारावा, हे मला समजलेले नाही. बाबूराव पेंटर यांचा 'सिंहगड' (१९२३) हरिभाऊ आपटे यांच्या 'गड आला पण सिंह गेला' या कादंबरीवर आधारलेला होता. खुद्द फाळके यांनी 'नवयुग' मासिकात १९१७-१८ च्या सुमारास मराठीत जी लेखमाला लिहिली, ती चित्रपटाविषयीच्या भारतीय लेखनातील आरंभीच्या लेखनात मोडते. आणि मल्याळी साहित्यिक सी. व्ही. रामन पिळ्ळै यांच्या कादंबरीवरून १९३३ साली निघालेला 'मार्तंड वर्मा' हा मूकपट आज पाहावयास मिळतो, याचे कारण तर मोठे गमतीचे आहे. कादंबरीच्या प्रकाशकाने लेखाधिकाराचा भंग झाला म्हणून दावा लावला, चित्रपट अडकून पडला आणि त्यामुळेच त्याची प्रत प्रकाशकाकडे सुरक्षित राहिली. १९७४ साली ती पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात आली. साहित्याने चित्रपटाचा गळा धरला म्हणून चित्रपट जगला, असे हे प्रकरण आहे.

'नवयुग'मधील त्या लेखमालेतील एक प्रसंग दुसऱ्या आक्षेपाच्या विचारासाठी महत्त्वाचा आहे. १९१० च्या नाताळच्या सुमारास मुंबईत ख्रिस्ताच्या चरित्रावरील चित्रपट पाहत असता आपल्या डोळ्यांपुढे राम, कृष्ण, गोकुळ, अयोध्या उभी राहू लागली, असे फाळके सांगतात. त्याच पडद्यापुढे ते पुन्हा जाऊन बसले, या खेपेस पत्नीला बरोबर घेऊन. भारतीय चित्रपटाचा हा आद्य पुरुष निर्माता होण्यापूर्वी भारावलेला प्रेक्षक होता. ज्या अवस्थेला आपण अप्रगल्भ म्हणतो तिच्यातूनच एक कलाप्रकार या देशात आला.

तथापि 'चाहता' आणि 'सहृदय' यांत भेद नाही, असे मला म्हणावयाचे नाही. संस्कृत साहित्यशास्त्रातील सहृदय काव्याच्या परिशीलनाने स्वच्छ झालेले मन घेऊन येतो आणि साधारणीकरणाच्या व्यापारात त्याचा 'स्व' गळून पडतो. त्याला रामाचा शोक दिसतो, तो शोक करणारा नट दिसत नाही. चाहत्याचे नेमके उलट. त्याला साधारणीकरण मान्यच नसते. हाच नट, हीच मान वळवण्याची तऱ्हा, हेच डोळे त्याला हवे असतात. भूमिका कोणतीही चालते. हा रसविघ्न आहे असे शास्त्र म्हणेल, आणि शास्त्राच्या चौकटीत ते खरेही आहे. पण मराठी नाट्यसमीक्षेने हे विघ्न किती आनंदाने पोसले ते पाहा. बालगंधर्वांची भामिनी पाहावयास गेलेला प्रेक्षक भामिनी पाहावयास जात होता की बालगंधर्व? आपल्या आठवणींच्या ग्रंथांची पाने याच प्रेमाने भरलेली आहेत, आणि त्यांना आपण 'रसिकता' असे भारदस्त नाव दिले आहे.

येथे मला एक योगायोग नेहमी अस्वस्थ करतो. गंधर्व नाटक मंडळीची स्थापना १९१३ ची, आणि 'राजा हरिश्चंद्र' हाही १९१३ चाच. नाटक मंडळीत बालगंधर्व स्त्रीभूमिका करीत होते. त्याच वर्षी पडद्यावर तारामती झाले होते अण्णा साळुंके. चित्रपटात काम करण्यास स्त्रिया मिळेनात, तेव्हा ग्रँट रोडकडील एका खाणावळीत काम करणाऱ्या या तरुणाला फाळके यांनी निवडले. महिना दहा रुपयांवर काम करणाऱ्याला पंधरा रुपये देऊ केले, असे सांगितले जाते. चार वर्षांनी 'लंकादहन' (१९१७) मध्ये याच साळुंके यांनी राम आणि सीता या दोन्ही भूमिका केल्या. एकाच देहाने विरहातील दोन्ही टोके सांभाळावीत, असा प्रयोग मराठी रंगभूमीवर झाल्याचे माझ्या ऐकिवात नाही. 'लंकादहन'ला लोटलेली गर्दी ही त्या काळातील मोठी घटना होती. पण बालगंधर्वांच्या शालूवर, केसांच्या वळणावर, नथीवर आपल्याकडे जितके लिहिले गेले त्याच्या शतांशानेही साळुंके यांच्याविषयी लिहिलेले आढळत नाही. प्रेक्षकांचे प्रेम कमी होते म्हणून असे झाले काय? मला तसे वाटत नाही. बालगंधर्वांचा चाहता लिहिणारा होता, त्याच्या हाती मासिके होती. साळुंके यांचा चाहता चार आण्यांत, किंवा त्याहूनही कमी पैशांत, जमिनीवर बसून चित्रपट पाहत होता. अभिरुचीचा इतिहास आपण लिहितो तेव्हा वस्तुतः लेखणी कोणाच्या हाती होती याचा इतिहास लिहीत असतो. विद्यार्थिनीच्या विषयाचे मोल मला येथे दिसते.

आता थोडे व्यक्तिगत. माझे थोरले मामा कोल्हापूरचे. त्यांचे बालपण मूकपटांच्या अखेरच्या वर्षांत गेले. त्यांच्याजवळ हिशेबाची एक लांबट वही होती, तिच्यात मासिकांतून कापलेली नटनटींची चित्रे खळीने चिकटवलेली. सुलोचना, झुबेदा, मास्टर विठ्ठल, मधूनच डग्लस फेअरबँक्स. चित्राखाली शाईने नाव, कधी चित्रपटाचे नाव, आणि क्वचित एखादा शब्द : 'उत्तम', 'फार रडविले', 'उडी!' वही शाळेतील मास्तरांच्या हाती लागून एकदा मारही बसला होता. ती मी पहिल्यांदा पाहिली तेव्हा दहा-बारा वर्षांचा असेन. मामा मास्टर विठ्ठलची ती प्रसिद्ध उडी हातवारे करून दाखवीत : गच्चीवरून पडद्याला धरून खाली, तेथून घोड्यावर. पुढे अभ्यासाच्या निमित्ताने मला दिसून आले की मामा सांगत ती दृश्ये बहुधा कोणत्याच एका चित्रपटातील नव्हती. फेअरबँक्सच्या 'थीफ ऑफ बगदाद' (१९२४) मधील काही, एखाद्या मराठी ऐतिहासिक मूकपटातील काही आणि बरेचसे मामांच्या स्वतःच्या मनातील, असे ते मिश्रण होते.

कोणी म्हणेल, म्हणजे ही साक्ष बाद झाली. इतिहासाच्या दृष्टीने ती बाद आहेच. पण साहित्याच्या अभ्यासकाने चुकीचा पाठही टाकून द्यावयाचा नसतो, हे पाठचिकित्सा आपल्याला शिकविते. लेखनिकाने कोठे चूक केली यावरून त्याला काय परिचित होते ते कळते. त्या काळात मास्टर विठ्ठलला भारताचा डग्लस फेअरबँक्स म्हणत. मामांनी त्या दोघांचा एक नट केला, कारण जाहिरातींनी त्यांना तसेच पाहावयास शिकविले होते. हॉलिवूडचा बगदाद आणि आपल्या तालमीतला कसलेला देह यांची कोल्हापूरच्या एका मुलाच्या मनात अशी सांगड बसली, ही माझ्या मते अभिरुचीच्या इतिहासातील एक नोंद आहे आणि ती केवळ चाहत्याच्या चुकीतच शिल्लक राहिली आहे.

मास्टर विठ्ठल हा स्वतःही अभ्यासाचा विषय आहे. १४ मार्च १९३१ रोजी मुंबईच्या मॅजेस्टिक सिनेमात 'आलम आरा' झळकला, त्याचा नायक तोच. त्यासाठी शारदा स्टुडिओशी असलेला करार त्याने मोडला, प्रकरण न्यायालयात गेले आणि त्याची बाजू बॅरिस्टर महंमद अली जीना यांनी लढविली. खटला जिंकून तो बोलपटात आला खरा. पण हिंदुस्थानी भाषेवर त्याचा हात नव्हता. त्यामुळे त्याच्या वाट्याला संवाद थोडे ठेवले गेले आणि बराच काळ त्याला गुंगीत असल्यासारखे दाखविले गेले, असे सांगतात. देशातील पहिल्या बोलपटाचा नायक जवळजवळ मुकाच राहिला! पुढे तो मराठी बोलपटांत दुय्यम भूमिका करीत राहिला आणि १९६९ साली वारला. मामांच्या वहीत बोलपटातील विठ्ठलचे एकही चित्र नाही. मी एकदा कारण विचारले तेव्हा ते म्हणाले, "बोलायला लागला आणि आमच्यातलाच एक झाला रे तो." या एका वाक्यावर प्रबंधाचे एक प्रकरण उभे राहू शकेल.

सुलोचना हिची कथा याहून गुंतागुंतीची आहे. तिचे खरे नाव रूबी मायर्स. जन्म पुण्यातील ज्यू कुटुंबात, १९०७ साली. टेलिफोन ऑपरेटरची नोकरी करीत असता ती कोहिनूर कंपनीत आली. 'टायपिस्ट गर्ल' (१९२६), आठ निरनिराळी सोंगे घेतलेली 'वाइल्डकॅट ऑफ बॉम्बे' (१९२७), 'अनारकली' (१९२८) अशी तिची चढती कमान होती. ज्या तरुणीचे रोजचे काम अनोळखी लोकांना केवळ आवाज ऐकविणे हे होते, ती लाखोंची लाडकी झाली ती आवाजावाचून. मूकपटात ती मोगल दासी होऊ शकत होती, टंकलेखिका होऊ शकत होती. तिची मातृभाषा कोणती हे कोणी विचारीत नव्हते. बोलपट आला आणि हा प्रश्न विचारला गेला. तिने हिंदुस्थानी शिकण्यासाठी काही काळ काम थांबविले आणि 'माधुरी' (१९३२) मधून ती परत आली. आपल्या गाजलेल्या मूकपटांच्या बोलक्या आवृत्त्याही तिने केल्या. १९३५ च्या बोलक्या 'अनारकली'त ती पुन्हा नायिका होती आणि १९५३ च्या 'अनारकली'त सलीमच्या आईच्या भूमिकेत. एकाच कथेतून एका नटीचे सगळे वय वाहून गेले. १९७३ सालचे फाळके पारितोषिक तिला मिळाले. १९८३ साली ती निवर्तली. भाषा ही माणसाला समाजात प्रवेश देते तशीच ती त्याला बाहेरही ठेवते, हे सुलोचनेच्या उदाहरणावरून जितके स्पष्ट होते तितके भाषाविज्ञानाच्या क्रमिक पुस्तकांवरून होत नाही. तेव्हा मूकपटात शब्द नाही म्हणून तो आमचा विषय नाही, या म्हणण्याला मी असे विचारीन की शब्द आल्यावर कोण बाहेर पडले, हा भाषेच्या विभागाचा विषय नाही काय?

या विषयाची खरी अडचण आक्षेपकांनी काढलीच नाही, ती मीच सांगतो. प्रेमाचा विषयच नाहीसा झाला आहे. भारतात सुमारे तेराशे मूकपट निघाले. त्यांतील पूर्ण वा अंशतः उरले आहेत ते जेमतेम तीसच्या आसपास. 'आलम आरा'ची एकही प्रत उपलब्ध नाही. नायट्रेटच्या फिती जळल्या, कुजल्या, त्यांतील चांदी काढण्यासाठी त्या वितळविल्या गेल्या. 'राजा हरिश्चंद्र' म्हणून आज जे दाखवितात तेही १९१७ साली पुन्हा चित्रित केलेल्या आवृत्तीचे असावे, असे अनेक अभ्यासक मानतात. ८ जानेवारी २००३ रोजी पुण्यात लागलेल्या आगीत संग्रहालयाच्या नायट्रेट फिती मोठ्या प्रमाणावर नष्ट झाल्या. ज्या कलाकृती नाहीत त्यांची समीक्षा होऊ शकत नाही. त्यांच्याविषयीच्या आठवणींचीच होऊ शकते. महानुभावांचे काही ग्रंथ आपल्याला केवळ इतरांनी केलेल्या उल्लेखांवरून ठाऊक आहेत, आणि त्यांचा अभ्यास करताना आपल्याला संकोच वाटत नाही.

पाश्चात्त्यांचे येथे अंधानुकरण करावे असे नव्हे, पण दोन उदाहरणे विसरता येत नाहीत. केव्हिन ब्राउनलो या इंग्रज मुलाच्या हाती शाळकरी वयात आबेल गान्सच्या 'नेपोलियन' (१९२७) या मूकपटाचे काही तुकडे लागले. त्या वेडातून त्याने जगभर विखुरलेले भाग गोळा केले आणि १९८० साली लंडनमध्ये तो चित्रपट वाद्यवृंदासह पुन्हा उभा राहिला. दुसरे उदाहरण लुईस ब्रुक्सचे. 'पँडोराज बॉक्स' (१९२९) ची ही नायिका पुढे पूर्ण विस्मृतीत गेली, न्यूयॉर्कच्या एका दुकानात विक्रेती म्हणून उभी राहिली. जेम्स कार्ड या संग्रहालयप्रमुख चाहत्याने तिला शोधून १९५६ मध्ये रॉचेस्टरला आणले. तेथे तिने आपले जुने चित्रपट पाहिले आणि लिहू लागली. १९८२ साली निघालेला तिचा निबंधसंग्रह हे चांगल्या गद्याचे उदाहरण आहे. चाहत्याच्या प्रेमातून साहित्यकृती निर्माण झाली, असा हा सरळ दाखला. आपल्याकडे असा एक माणूस होऊन गेला, पी. के. नायर. लहानपणी चित्रपटाची तिकिटे जपून ठेवणारा हा मुलगा पुढे पुण्याच्या संग्रहालयाचा (स्थापना १९६४) शिल्पकार झाला, आणि फाळके यांचे जे काही आज पाहता येते त्यात त्याचे श्रेय मोठे आहे. २०१२ च्या 'सेल्युलॉइड मॅन' या माहितीपटात हे सारे आले आहे; पदव्युत्तर वर्गांना तो अवश्य दाखवावा.

येथवर मी चाहत्याची वकिली केली. आता त्याच्याविरुद्धही काही सांगणे भाग आहे, नाहीतर माझी साक्ष एकतर्फी ठरेल. चाहता ज्याच्यावर प्रेम करतो त्याचे ऐकत नाही. शांता आपटे 'प्रभात'च्या दाराशी उपोषणाला बसल्या तेव्हा (१९३९) अनेकांना तो नटीचा तऱ्हेवाईकपणा वाटला. पुढच्याच वर्षी त्यांनी 'जाऊ मी सिनेमांत?' हे पुस्तक लिहून या धंद्यातील पिळवणूक उघड केली. चित्रपटातील व्यक्तीने त्या काळी इतके रोखठोक लिहावे ही मराठी गद्यातील लक्षणीय घटना; पण त्यांच्या गाण्यांवर जीव टाकणाऱ्यांपैकी कितींनी ते वाचले असेल? हंसा वाडकर यांचे 'सांगत्ये ऐका' (१९७०) आपण अभ्यासक्रमात लावतो, स्त्रीच्या आत्मकथनाचा नमुना म्हणून त्यावर प्रश्न काढतो. त्या आत्मकथनात पडद्यासमोर बसलेला प्रेक्षक कोठे आहे, हा प्रश्न मी एकदाही प्रश्नपत्रिकेत पाहिलेला नाही. ललिता पवार यांच्या बाबतीत तर चाहते आणि अभ्यासक दोघेही अपराधी आहेत. खाष्ट सासू आणि दूरदर्शनवरील मंथरा एवढीच त्यांची ओळख उरली. १९४२ साली चित्रीकरणात बसलेल्या थोबाडीने त्यांचा चेहरा जायबंदी झाला आणि नायिकेचे आयुष्य संपले, हे पुष्कळांना माहीत असते. त्याआधी काय होते ते थोड्यांना. पुण्यात तयार झालेला 'दिलेर जिगर' (१९३१) हा वाचलेल्या मोजक्या मूकपटांपैकी एक. त्यात त्या तरुण, चपळ, हसऱ्या नायिका आहेत. तो मी पाहिला तेव्हा पहिली काही मिनिटे मी त्यांना ओळखलेच नाही. ओळखल्यावर मात्र पुढची कथा मला नीट दिसेना. त्या क्षणी मी सहृदय नव्हतो, निव्वळ चाहता होतो. वाचलेला चेहरा आणि गमावलेला चेहरा एकाच वेळी डोळ्यांपुढे येणे या अनुभवाला रसशास्त्रात नाव काय द्यावे, हे जाणकारांनी सांगावे.

महाविद्यालयीन अध्यापकांना एक विनंती करावीशी वाटते. मूकपट प्रत्यक्ष पाहिलेली पिढी आता उरलेली नाही. परंतु त्यांच्या तोंडून ऐकणारी आमची पिढी अजून आहे. कोल्हापूर, सांगली, नाशिक, सोलापूर येथील जुन्या घरांत अशा वह्या, जाहिरातपत्रके, गाण्यांच्या चोपड्या अजूनही निघतात आणि बहुधा रद्दीत जातात. विद्यार्थ्यांकडून लघुप्रबंध करून घेताना त्याच त्या कादंबरीकारांची स्त्रीचित्रणे मोजण्याऐवजी चार जणांना या कामावर घातले तर कोणाचे काही बिघडणार नाही. मामांची वही माझ्याजवळ आहे, पण तिची खळ वाळवीला आवडली असावी. सुलोचनेच्या चित्राचा डावा कोपरा आणि 'उडी!' या शब्दाखालचे अख्खे पान गेले आहे.

त्या विद्यार्थिनीचा विषय अखेर मान्य झाला. शीर्षकात समितीने थोडा बदल सुचविला : 'निवडक मराठी आत्मचरित्रांतील चित्रपटविषयक उल्लेख : एक अभ्यास'. 'प्रेम' हा शब्द काढून टाकण्यात आला. तिने तो बदल लगेच स्वीकारला, आणि बाहेर आल्यावर मला विचारले, "सर, वही पाहायला कधी येऊ?"